पुण्यातील एका ब्रायडल मेकअप स्टुडिओचा अनुभव : हात कसबी, पण आगाऊ रक्कम परत मिळवायला पाच महिने

मुलीच्या लग्नासाठी आम्ही जून २०२४ मध्ये पुण्यातील एका मेकअप स्टुडिओकडे ५०,००० रुपयांचे पॅकेज ठरवले आणि त्यातले २५,००० रुपये आगाऊ भरले. लग्नाला जेमतेम चार आठवडे राहिले असताना स्टुडिओच्या मालकीणबाईंनी त्या दिवशी स्वतः येता येणार नाही असे कळवले, आणि आम्ही पैसे परत मागितल्यावर ते देण्यास नकार दिला. ट्रायलचे, म्हणजे लग्नाआधी करून पाहिलेल्या मेकअपचे, पैसे वजा होऊन उरलेली रक्कम एप्रिल २०२५ मध्ये आमच्या खात्यात परत आली. स्टुडिओच्या इंटरनेटवरील पानावर मी याविषयी एक छोटा अभिप्राय लिहिला होता. इथे तोच अनुभव सविस्तर मांडत आहे. व्यवहार आता मिटलेला असल्यामुळे इथे स्टुडिओचे नाव देत नाही, परंतु ज्या घरांत येत्या हंगामात लग्न आहे त्यांना यातला तपशील उपयोगी पडेल अशी माझी खात्री आहे.

आम्ही साताऱ्याचे. मी येथील एका पतसंस्थेत ठेव विभागात काम करते, त्यामुळे पावती, तारीख आणि सही या गोष्टींची सवय अंगवळणी पडलेली आहे. तरीही मुलीच्या लग्नाच्या गडबडीत ती सवय मी बाजूला ठेवली, आणि त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

प्रथम कामाविषयी लिहिते, कारण त्या बाबतीत मला कौतुकच करायचे आहे. ऑगस्टमध्ये आम्ही ट्रायलसाठी पुण्याला गेलो. मुलीची त्वचा कोरडी आहे आणि काही प्रसाधनांनी तिच्या मानेवर पुरळ उठते, हे आम्ही आधी सांगितले होते. बाईंनी जी प्रसाधने वापरायची होती त्यांचा एकेक ठिपका तिच्या कानामागे लावला आणि वीस मिनिटे थांबल्यावरच चेहऱ्याला हात लावला. बेसचा रंग त्यांनी हाताच्या मनगटावर पाहिला नाही, जबड्याच्या कडेला पाहिला, आणि स्टुडिओतले दिवे फसवतात म्हणून मुलीला बाहेर गॅलरीत नेऊन उन्हात पुन्हा तपासला. त्यांनी आम्हाला येताना मुंडावळ्या घेऊन यायला सांगितले होते. त्या वेळी मला त्याचे कारण कळले नव्हते. मेकअप पूर्ण झाल्यावर त्यांनी मुंडावळ्या बांधल्या, मुलीला मान खाली-वर करायला लावली आणि दोरा कपाळावर नेमका कुठे घासतो ते पाहिले, कारण त्या रेषेवरचा बेस तासाभरात निघून येतो आणि फोटोत कपाळावर पांढुरका पट्टा दिसतो. लाजाहोमाच्या धुराने डोळ्यांना पाणी येईल म्हणून काजळ कोणते घालायचे, कन्यादानानंतर नऊवारी बदलून शालू नेसताना खोपा न सोडता गजरा कसा बदलायचा, हेही त्यांनी विधींचा क्रम विचारून ठरवले. मी स्वतः अनेक लग्ने पाहिली आहेत, पण नवरीच्या मेकअपमागे इतका विचार असतो हे मला त्या दिवशी प्रथम जाणवले. त्यांच्या हातातल्या कसबाबद्दल माझ्या मनात आजही आदर आहे.

आणि नेमके म्हणूनच पुढे जे झाले ते आम्हाला मान्य होण्यासारखे नव्हते. त्यांच्या दरपत्रकात दोन स्वतंत्र दर होते. साखरपुडा, हळद आणि लग्न या तिन्ही प्रसंगांना बाई स्वतः येणार असतील तर ५०,००० रुपये, आणि त्यांच्या टीममधील मुलगी येणार असेल तर २८,००० रुपये. आम्ही ऐपत ताणून पहिला दर स्वीकारला तो त्यांच्या हातासाठी.

तुळशीचे लग्न दोन दिवसांवर आले होते, तेव्हा ११ नोव्हेंबर २०२४ रोजी सकाळी मुलीच्या मोबाइलवर संदेश आला. त्याच तारखेला नाशिकला एक मोठे काम आले असून तिथे स्वतः जाणे भाग आहे, तुमच्याकडे माझी सिनिअर असिस्टंट येईल, काळजी नसावी, असा त्याचा आशय होता. लग्नाच्या हंगामात चांगले मुहूर्त मोजकेच असतात, एकेका तारखेला साताऱ्यासारख्या गावातही सगळी कार्यालये भरलेली असतात, आणि चांगल्या मेकअप आर्टिस्टला त्याच तारखेची आणखी चार आमंत्रणे येणार हे उघड आहे. परंतु जूनमध्ये पैसे घेऊन जी तारीख आम्हाला दिली, ती नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या घराला देण्याचा अधिकार त्यामुळे मिळत नाही. मी संध्याकाळी फोन केला. त्यांनी अतिशय मृदू स्वरात सांगितले, "काकू, ती मुलगी माझ्याच हाताखाली तयार झाली आहे, तुम्हाला फरकही कळणार नाही." मी विचारले की मग तिचा दर २८,००० आहे, तर उरलेले आम्ही तीनच हजार द्यायचे का. त्यावर त्या म्हणाल्या की पॅकेज बुक झाल्यावर दर बदलत नाही, राहिलेले २५,००० त्या दिवशी द्यावेच लागतील.

या एका उत्तराने माझा निर्णय झाला. मी त्यांना सांगितले की आपण स्वतः येणार नसाल तर आम्हाला ही सेवा नको, आमचे २५,००० रुपये परत करावेत. त्यांनी दरपत्रकाच्या शेवटच्या पानावरील सातव्या अटीकडे बोट दाखवले, "बुकिंगची रक्कम कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही." पर्याय म्हणून त्यांनी सहा महिन्यांत स्टुडिओतली कोणतीही सेवा घेऊन रक्कम वळती करण्याची तयारी दाखवली. साताऱ्याहून पुण्याला फेशियलसाठी पंचवीस हजारांच्या फेऱ्या कोण मारणार?

त्या रात्री मी पुष्कळ विचार केला, आणि तो इथे मांडणे आवश्यक वाटते, कारण अशा प्रसंगी ग्राहक प्रथम स्वतःलाच दोषी समजतो. अट आपण वाचली होती, पैसे आपण भरले होते, आता बोलायला जागा कुठे आहे, असे घरातल्या सर्वांचे मत पडले. आमच्या यजमानांनीही पैशांवर पाणी सोडायची तयारी केली होती. परंतु आपल्याकडे आधी दिलेल्या पैशाला तीन वेगळे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही वेगळे आहेत. काम पूर्ण झाल्यावर जशीच्या तशी परत करायची ती अनामत. पुढच्या मोबदल्यातून वळती व्हायची ती आगाऊ रक्कम. आणि व्यवहार पाळीन याची खूण म्हणून द्यायचा तो इसार. जमीन किंवा घराच्या व्यवहारात विकत घेणाऱ्याने शब्द मोडला तर इसार बुडतो, हे खेड्यापाड्यातही सर्वांना ठाऊक आहे. पण विकणाऱ्यानेच व्यवहार मोडला तर विकत घेणाऱ्याचा इसार बुडाला असे कोणी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सतीश बत्रा विरुद्ध सुधीर रावल या मालमत्ता-व्यवहाराच्या प्रकरणात हाच फरक स्पष्ट केला होता. व्यवहार पाळण्याची हमी म्हणून दिलेला इसारच जप्त करता येतो, तोही पैसे देणाऱ्याच्या चुकीमुळे व्यवहार फिसकटला तर; नुसती आगाऊ दिलेली किंमत तशी जप्त करता येत नाही. आमच्या बाबतीत तर चूक आमची नव्हतीच.

स्टुडिओची बाजूही मी प्रामाणिकपणे समजून घेतली आहे. नवरीकडच्यांनी ऐन वेळी लग्न पुढे ढकलले, किंवा कोणी नातलग स्वस्तात करून देते म्हणून बुकिंग मोडले, तर त्या आर्टिस्टचा मुहूर्त वाया जातो. त्या तारखेला आलेली इतर कामे तिने आपल्यासाठीच परत पाठवलेली असतात. अशा वेळी आगाऊ रक्कम तिच्याकडे राहणे न्याय्य आहे, निदान तिचे खरोखर जितके नुकसान झाले असेल तितकी तरी. भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ७४ मध्येही हेच तत्त्व आहे. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. आम्ही लग्न पुढे ढकलले असते तर मी एक रुपयाही मागितला नसता. इथे मात्र बाईंचा मुहूर्त वाया गेला नव्हता. त्यांनी तो दुसरीकडे वापरला, त्याचे पैसे घेतले, आणि आमचेही ठेवून घेतले.

लग्नाची तयारी थांबवता येत नव्हती. आमच्या पेठेतल्या पार्लरवाल्या ताईंनी तीन दिवसांत उत्तर दिले, १८,००० रुपयांत तिन्ही प्रसंग करून देण्याचे कबूल केले आणि ट्रायलचे फोटो समोर ठेवून मुलीचा मेकअप केला. खोपा थोडा सैल बसला होता, बाकी सर्व व्यवस्थित झाले. मुंडावळ्यांची गोष्ट मी त्यांना आवर्जून सांगितली. लग्न आनंदाने पार पडले. म्हणून पुढची सारी खटपट मी मुलीला सासरी कळू न देता केली.

डिसेंबरच्या अखेरीस मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. तिथे मराठीत बोलता येते, आणि माझ्याशी बोलणाऱ्या मुलीने घाई न करता सर्व तपशील लिहून घेतला. तक्रारीचा क्रमांक लगेच मोबाइलवर आला. या सेवेबद्दल अपेक्षा नीट ठेवावी, असे मला सांगावेसे वाटते. हेल्पलाइन ही दावा दाखल होण्यापूर्वी समजुतीने प्रश्न मिटवण्यासाठी आहे. ती तुमची तक्रार समोरच्या व्यावसायिकाकडे पाठवते आणि उत्तर मागवते. मोठ्या कंपन्या अशा तक्रारींना उत्तर देतात, कारण त्यांच्याकडे त्यासाठी माणसे नेमलेली असतात. एका बाईने चालवलेल्या स्टुडिओला तसा काही धाक वाटत नाही, आणि हेल्पलाइन कोणाला पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही. आमच्या तक्रारीवर स्टुडिओकडून "अटीनुसार रक्कम परत होणार नाही" एवढे एका ओळीचे उत्तर आले. पण त्या ओळीचा मला पुढे उपयोग झाला, कारण नकार प्रथमच लेखी मिळाला होता.

यानंतर ग्राहक चळवळीत अनेक वर्षे काम केलेल्या आमच्या परिचयातील एका गृहस्थांकडे मी गेले. त्यांनी माझ्याकडचे कागद पाहिले आणि प्रथम विचारले ते पावतीविषयी. ती माझ्याकडे नव्हती. पैसे यूपीआयने गेले होते, आणि तेही बाईंच्या पतीच्या नावावरील खात्यात. व्यवहाराच्या टिपणाची जागा मी रिकामी सोडली होती. मग आम्ही जूनमधले संदेश काढले. पैसे पाठवल्यानंतर चारच मिनिटांत बाईंनी लिहिले होते, "मिळाले काकू, तारीख फिक्स." या चार शब्दांवर आमच्या व्यवहाराचा पुरावा उभा राहिला. दुसरा पुरावा माझ्या पतसंस्थेतील सवयीने तयार झाला होता. ११ नोव्हेंबरच्या फोननंतर मी लगेच संदेश पाठवला होता की आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे आपण स्वतः येणार नाही, असिस्टंट पाठवणार, आणि तरीही पॅकेजची पूर्ण रक्कम घेणार, हे बरोबर आहे ना. त्यावर त्यांचे "हो काकू" असे उत्तर आलेले होते. फोनवरचे बोलणे हवेत विरते, म्हणून प्रत्येक फोननंतर असा एक संदेश पाठवून ठेवावा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

त्या गृहस्थांनी आणखी एक बारीक पण मोलाची गोष्ट सांगितली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात "अनुचित करार" अशी एक संकल्पना आहे, आणि ग्राहकाकडून झालेल्या करारभंगाच्या मानाने अवाच्या सवा दंड लादणारी अट त्यात मोडते. सातवी अट वाचून मला तीच तक्रार करायची होती. पण अनुचित कराराच्या तक्रारी ऐकण्याचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला नाही, त्यासाठी राज्य ग्राहक आयोगाकडे जावे लागते. पंचवीस हजारांसाठी मुंबईच्या फेऱ्या परवडणाऱ्या नव्हत्या. शिवाय आमच्या प्रकरणात अट किती अन्यायकारक आहे हा मूळ मुद्दाच नव्हता. कबूल केलेली सेवा दिली नाही ही सेवेतील त्रुटी, आणि त्रुटीची सेवा मागे घेऊन मोबदला परत करण्यास नकार दिला, बिलही दिले नाही, ही अनुचित व्यापारी प्रथा. या दोन मुद्द्यांवर जिल्हा आयोगाकडे सरळ जाता येते. "कोणत्याही कारणास्तव" या शब्दांचा अर्थ ग्राहकाच्या बाजूचे कोणतेही कारण इतकाच होऊ शकतो. सेवा देणाऱ्याने स्वतः माघार घ्यावी आणि पैसेही ठेवावेत इतका तो ताणता येत नाही, असे आम्ही तक्रारीत लिहिले.

त्याआधी जानेवारीत मी स्वतः मराठीत नोटीस लिहून रजिस्टर एडीने पाठवली. त्यात जूनपासूनच्या तारखा, रकमा, दोन दर, ११ नोव्हेंबरचा संदेश आणि रक्कम परत करण्यासाठी १५ दिवसांची मुदत, एवढेच लिहिले. रागाचा एकही शब्द घातला नाही, कारण हा कागद उद्या तिसऱ्या माणसासमोर वाचला जाणार आहे हे मला ठाऊक होते. पोचपावतीचे कार्ड सहीसह परत आले. उत्तर आले नाही.

फेब्रुवारीत ई-जागृती या संकेतस्थळावरून सातारा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल केली. स्टुडिओ पुण्याचा असताना साताऱ्यात तक्रार कशी, असे मला अनेकांनी विचारले. १९८६ च्या जुन्या कायद्यात ग्राहकाला तशी मुभा नव्हती, पण २०१९ च्या कायद्याच्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. माझ्या मते सामान्य ग्राहकासाठी या कायद्यातली ही सर्वांत मोठी सोय आहे, कारण खेटे घालण्याच्या भीतीनेच माणसे पैसे सोडून देतात. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही. वकील द्यावाच लागतो असे नाही. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

तरीही हे काम सोपे आहे असे मी म्हणणार नाही. तक्रार अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदपत्रांची यादी आणि प्रत्येक कागद स्कॅन करून क्रमाने चढवणे यात माझे तीन रविवार गेले. मोबाइलवरील संदेशांच्या नुसत्या छापील प्रती पुरत नाहीत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते माझ्याकडून प्रथम राहून गेले. कार्यालयाने त्रुटी काढल्यावर ते जोडले. मुलीचे लग्न होऊन फोन बदलला असता आणि जुने संदेश गेले असते तर काय झाले असते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

आयोगाची नोटीस मार्चमध्ये स्टुडिओला पोहोचली. समोरच्या पक्षाला लेखी म्हणणे मांडण्यासाठी ३० दिवस मिळतात, फार तर आणखी १५ दिवस, त्यापुढे नाही. नोटीस मिळाल्याच्या चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. नोव्हेंबरनंतर त्यांचा आवाज मी प्रथमच ऐकत होते. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी सांगितले की नाशिकचे काम ज्यांनी आणले होते त्यांच्याकडून पुढे वर्षभराची कामे मिळणार होती, म्हणून नाही म्हणता आले नाही. मला त्यांचे म्हणणे खोटे वाटले नाही. स्वतःच्या हिमतीवर धंदा उभा केलेल्या बाईला मोठे गिऱ्हाईक परत पाठवणे जड जाते हे मी समजू शकते. पण तो धोका त्यांनी पत्करायचा होता, आमच्या पैशांवर नव्हे, आणि हे मी त्यांना त्याच शब्दांत सांगितले.

त्यांचे एक म्हणणे मात्र मी मान्य केले. ट्रायल झाली होती, आणि ती उत्तम झाली होती. बुकिंग न करणाऱ्यांसाठी त्यांच्या दरपत्रकात ट्रायलचे ३,५०० रुपये लिहिलेले होते. बाईंचे दोन तास, त्यांची प्रसाधने आणि त्यांचे कौशल्य आम्ही घेतले होते, आणि पार्लरवाल्या ताईंनी तर त्या ट्रायलचे फोटो पाहूनच लग्नातला मेकअप केला होता. ते पैसे आमचे नव्हतेच. म्हणून २५,००० मधून ३,५०० वजा करून २१,५०० रुपयांवर तडजोड ठरली. तक्रारीत मी ९ टक्के व्याज आणि ५,००० रुपये खर्च मागितला होता, तो सोडून दिला. घरातल्या काहींना हे पटले नाही. मानसिक त्रासाचे पैसे का सोडले, असे धाकट्या दिरांनी विचारले. माझे उत्तर एवढेच होते की मला माझे पैसे हवे होते आणि ते मिळत होते; निकालाची वाट पाहत आणखी कित्येक महिने काढण्याची माझी इच्छा नव्हती. ज्याला इच्छा असेल त्याने जरूर थांबावे, तो त्याचा हक्क आहे.

रक्कम दोन हप्त्यांत आली, प्रथम ११,५०० आणि नंतर १०,००० रुपये. तडजोड दोघींच्या सहीने कागदावर लिहून घेतली आणि त्यात हप्त्यांच्या तारखा घातल्या. दुसरा हप्ता खात्यात जमा झालेला पाहिल्यानंतरच मी आयोगासमोर तक्रार मागे घेण्याची पुरसीस, म्हणजे तसे लेखी निवेदन, दिली. पहिला हप्ता येताच तक्रार मागे घ्यावी अशी त्यांची विनंती होती, पण ठेव विभागात इतकी वर्षे काढल्यावर ती मान्य करणे मला शक्य नव्हते.

आता गुणांकनाविषयी. कसब, स्वच्छता आणि त्वचेची काळजी यांसाठी मी या स्टुडिओला पाचपैकी साडेचार गुण देते. शब्द पाळणे आणि पैशांचा व्यवहार यांसाठी एक. ज्यांना त्यांच्याकडूनच मेकअप करून घ्यायचा असेल त्यांनी जरूर घ्यावा, मात्र बुकिंगच्या वेळी कागदावर किंवा निदान संदेशात कोण येणार त्या व्यक्तीचे नाव लिहून घ्यावे, ती व्यक्ती आली नाही तर किती रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे लिहून घ्यावे, आणि निम्मी रक्कम आधी देऊ नये. आमच्या पार्लरवाल्या ताईंनी ३,००० रुपयांवर तारीख धरली होती आणि वहीच्या पानावर सही करून दिली होती. यूपीआयने पैसे पाठवताना टिपणाच्या जागी तारीख आणि "लग्नाच्या मेकअपची आगाऊ रक्कम" एवढे शब्द लिहायला दहा सेकंद लागतात. खाते दुसऱ्याच्या नावावर असेल तर पैसे मिळाल्याचे उत्तर बाईंच्या स्वतःच्या क्रमांकावरून मागून घ्यावे.

तडजोडीच्या मसुद्यात त्यांनी एक ओळ घातली होती की मी त्यांच्या पानावरील अभिप्राय काढून टाकेन. ती ओळ मी खोडली. त्यांनी दोनदा फोन केला, हंगाम तोंडावर आहे, नव्या मुली ते वाचून जातात, असे सांगितले, आणि त्या वेळी त्यांचा आवाज खरोखर काकुळतीला आलेला होता. मी त्यांना सांगितले की जे झाले ते लिहिले आहे, त्यात खोटे काही असेल तर दाखवा, मी लगेच दुरुस्त करीन. आणि पैसे पूर्ण परत मिळाले की तेही त्याच ठिकाणी लिहीन. दुसरा हप्ता आला त्या संध्याकाळी मी अभिप्रायाच्या खाली तारखेसह ती ओळ जोडली, आणि ट्रायलविषयी आधी लिहायचे राहून गेलेले चांगले शब्दही घातले.